काचा बंद ठेवून

आमच्या गाडीत बसलं की पहिलं मिनिटभर कुणी बोलायचं नाही, असा अण्णांचा कायदा होता. चारी काचा बंद, रेडिओ बंद, आतला पंखा सुरू, आणि किल्ली फिरवली की सगळ्यांनी गप बसून नाकानं श्वास घ्यायचा. लहानपणी मला हा प्रार्थनेचाच प्रकार वाटायचा. एकदा मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीत बसले, तर त्यांनी गाडी सुरू करता करता गाणं लावलं आणि शेंगदाण्याची पुडी सोडली. मला धक्काच बसला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि एका सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनं तपासत राहिले. आई इथलीच. तिचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. त्यामुळे तिचं मराठी निम्मं कन्नड असायचं. अण्णांना ती ‘अहो, स्वल्प सरका’ म्हणायची आणि अण्णा ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणत सरकायचे. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं त्यांचं साताऱ्याचं मराठी बरंच बिघडवलं होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

अण्णांचं म्हणणं असं, की गाडी आजारी पडली की आधी वास सोडते, आवाज नंतर करते. आणि रात्रभर बंद राहिलेली गाडी सकाळी सुरू होताना जेवढं खरं सांगते, तेवढं दिवसभरात पुन्हा सांगत नाही. पेट्रोलचा वास आला तर पहिल्यांदा किल्ली बंद करायची, नळी तपासायची, मगच बाकीचं. कुजक्या अंड्याचा आला तर बॅटरीकडे बघायचं, ती नको तेवढी चार्ज होत असते. रबर जळाल्यासारखा आला तर फॅनबेल्ट सैल पडून घसरतोय. जळक्या तेलाचा आला तर कुठलं तरी गॅस्केट म्हातारं झालंय आणि तेल गरम पाइपावर ठिबकतंय. ओल्या फडक्याचा आला तर एसीचं पाणी बाहेर जाणारी नळी तुंबली, ती एका तारेनं साफ होते. आणि गोड वास आला, काकवी तापवल्यासारखा, तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय. “गोड वासाला भुलायचं नाही,” ते बजावायचे. “त्या दिवशी गाडी हलवायचीच नाही.”

यशवंतपूरला एक मिस्त्री होता, अजून आहे. त्याला एखादी गाडी कळली नाही की तो अण्णांना फोन करायचा. अण्णा जायचे, आत बसायचे, काचा लावायला सांगायचे आणि मिनिटभरानं बाहेर येऊन एकच वाक्य बोलायचे. मिस्त्री त्यांच्या नाकाला ‘मशीन’ म्हणायचा. घरी आल्यावर अण्णा आईला ते दहा वेळा सांगायचे. आई म्हणायची, “मशीनला सांगा, दूध नासलंय का ते बघायला.”

मी मात्र त्यातलं काही मनावर घेतलं नाही. मला गाडीचं वेड नव्हतं. लग्न करून मी कोरमंगलाला राहायला गेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि भाड्याच्या गाड्यांतून फिरू लागले. त्यांतून येतील ते वास नाक मुठीत धरून सोसायचे, एवढंच माझं ज्ञान.

मग त्या साथीच्या वर्षी अण्णा आणि आई दोघांनाही ताप आला. दोघंही त्यातून उठली. आईला आठ-दहा दिवस कशाचाच वास येत नव्हता, मग एका सकाळी कॉफीचा आला आणि तिनं मला फोन करून रडत रडत ते सांगितलं. “अण्णांचं काय?” मी विचारलं. “त्यांचं ठीक आहे,” ती म्हणाली. मीही ते ठीक धरून चालले.

त्या वर्षीच्या आयुधपूजेची एक गोष्ट आम्ही नंतर हसत हसत सांगायचो. खंडेनवमीला इथं गाडी धुऊन तिला केळीचे खांब बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि आत सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर करतात. आईच्या माहेरी हे फार कडक. अण्णा दर वर्षी कुरकुर करायचे, की त्या धुरानं चार दिवस माझं नाक बाद होतं. त्या वर्षी त्यांनी कुरकुर केली नाही. पूजा झाली आणि आठवडाभरानं मी घरी गेले, तर गाडीत बसवत नव्हतं, इतकी घाण येत होती. मी बोलल्यावर अण्णांनी एसीची जाळी काढली, नळी साफ केली, अर्धा दिवस घाम गाळला. शेवटी आईनं वाकून सीटखाली हात घातला आणि पूजेच्या नारळाची एक भकल बाहेर काढली, बुरशीनं हिरवी झालेली. प्रसाद म्हणून तिनंच ठेवली होती ती. मी पोट धरून हसले. “मशीन बिघडलं वाटतं!” मी म्हणाले. अण्णा हसले नाहीत, आईही हसली नाही. पुढच्या रविवारपासून अण्णा गाडी सुरू करायला खाली गेले की आई हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर जाऊ लागली आणि डाव्या सीटवर बसू लागली. मला वाटलं, म्हातारपणी दोघांचं बरं जमतंय.

दीड वर्षानं आई गेली. सकाळी चहा गाळताना खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. तिच्या जाण्याबद्दल मला इथं जास्त लिहिता येणार नाही, अजून येत नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी अण्णांचा फोन आला. म्हणाले, “तू येत जा रविवारी. गाडीचं तुला शिकवून ठेवतो.” वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला गाडीचे वास शिकायचे नव्हते. पण एकटे पडलेत, त्यांना काहीतरी निमित्त हवंय, असं समजून मी जाऊ लागले. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बॉनेट उचलवत नव्हतं. त्यामुळे पूर्वी डोळ्यांनी बघायचे तेही आता नाकावरच आलं होतं.

पहिल्या रविवारी मी आईच्या सीटवर बसले. अण्णांनी काचा लावल्या. मी सीटबेल्ट ओढून घेतला आणि तो खांद्यावरून छातीवर आला, तशी आईच आली. खोबरेल तेल, कापूर आणि तिची ती मल्लिगे. मोगऱ्याला ती मल्लिगेच म्हणायची आणि रोज चार फुलं माळायची. दीड वर्ष तो पट्टा तिच्या खांद्याला घासला होता, त्याच्या विणीत ती बसली होती. अण्णांनी किल्ली फिरवली. मिनिटभर थांबले.

“कसला वास येतोय?” त्यांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर मला रडू आवरलं नसतं. आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही, असं मी ठरवून आले होते.

“काही नाही,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सरी.” आणि गाडी बंद केली.

मग ते चालूच राहिलं. दर रविवारी तोच प्रश्न, त्याच शब्दांत. हळूहळू मी तयार झाले. एकदा जळक्या रबराचा वास ओळखला, तर खरंच फॅनबेल्ट सैल निघाला आणि मिस्त्रीनं तो घट्ट करून दिला. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतः कॉफी करून दिली. एकदा उकडत होतं म्हणून मी काच खाली केली, तर माझ्या अंगावर ओरडले, “काच लाव! काच उघडायची नाही!” वास बाहेर जाईल म्हणून असेल, असं मला वाटलं. पण गाडी तेव्हा बंद होती. म्हातारी माणसं हट्टी होतात, म्हणून मी सोडून दिलं.

खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. कोरमंगलाहून त्यांच्याकडे यायला दीड तास, जायला दीड तास, आणि मधे ही परीक्षा. माझी खात्री होती की अण्णांना उत्तर आधीच ठाऊक असतं आणि ते मला तपासतात. लहानपणी गणितं घालायचे तेव्हाही असेच चेहरा कोरा ठेवून बसायचे.

आईच्या वर्षश्राद्धाच्या आधीचे तीन रविवार मला तारखांसकट पाठ आहेत. पहिल्या रविवारी पंखा सुरू झाला आणि गोड वास आला. अगदी हलका, पण काकवीचाच. मला दुपारी मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं. हो म्हटलं असतं तर मिस्त्रीला बोलावणं, बॉनेट, नळ्या, पाठ, सगळा दिवस गेला असता. शिवाय शेजारीच तर बसलेत, त्यांना आलाच असेल की. “काही नाही,” मी म्हणाले. पुढच्या रविवारी वास वाढला होता. मी पुन्हा तेच म्हणाले, आणि मनात म्हटलं, बघू या, किती वेळ माझी गंमत बघतात. तिसऱ्या रविवारी पुढच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरली होती. कूलंट आत गळतंय याची ती खूण, हेही मला त्यांनीच शिकवलेलं. ते किल्ली शोधत खिसे चाचपत होते, तेवढ्यात मी ओढणीच्या टोकानं काच पुसून टाकली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुसून टाकली, कारण मला लवकर जायचं होतं.

“कसला वास येतोय?”

“काही नाही, अण्णा.”

“नक्की? गुरुवारी गुरुजींना आणायला जायचंय.”

“नक्की.”

आमचे गुरुजी पीण्या या कारखान्यांच्या भागाच्या पलीकडे राहतात, फार थकलेत. मराठी घरांतली कार्यं करणारे आता थोडेच उरलेत, म्हणून अण्णा स्वतः त्यांना आणायला जायचे. त्या गुरुवारी मी घरी खीर, वडे आणि आमसुलाची चटणी करत होते. दुपारच्या ठरल्या वेळेत श्राद्ध व्हायला हवं होतं, कारण गुरुजींना पुढं आणखी एक घर होतं. साडेअकरा झाले, बारा झाले. साडेबाराला अण्णांचा फोन आला. पीण्याच्या उड्डाणपुलावर गाडी बंद पडली होती.

मी रिक्षा करून पोचले तेव्हा दोन म्हातारी माणसं भर उन्हात कठड्याला टेकून उभी होती. गुरुजींनी सोवळ्याची पिशवी डोक्यावर धरली होती. शेजारून मोठमोठे ट्रक हॉर्न वाजवत जात होते. बॉनेटमधून वाफ येऊन थांबली होती आणि अख्ख्या पुलावर तो गोड वास पसरला होता. यशवंतपूरचा मिस्त्री स्कूटरवरून माझ्या आधीच येऊन पोचला होता. त्यानं बॉनेट उघडून बघितलं, मग आत वाकून डाव्या बाजूचा गालिचा चिमटीत दाबला. तो चिंब होता.

“सार, हीटरची नळी गेली आहे,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “सगळं पाणी आत गळलंय. इंजिन तापून हेडचं गॅस्केटही गेलं असणार. पण हे आजचं नाही, सार. तीन-चार आठवडे गोड वास येत असणार. तुम्हाला कसा कळला नाही?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग मिस्त्रीला म्हणाले, “हिनं सांगितलं होतं मला. दर रविवारी सांगत होती. मीच दुर्लक्ष केलं.”

आईचं श्राद्ध त्या दिवशी साडेतीनला झालं, घाईघाईत. उन्हानं गुरुजींचा आवाज बसला होता. खिरीवर साय धरली होती.

गुरुजी गेल्यावर माझा तोल सुटला. माझं चुकलं की मी आधी भांडते, ही माझी जुनी खोड. “तुम्ही मिस्त्रीला खोटं का सांगितलंत?” मी म्हणाले. “आणि तुम्हीसुद्धा होतात ना गाडीत? तीन रविवार तुमच्या नाकाखाली वास येत होता! माझी कसली परीक्षा घेत होतात? तुम्हाला आला नाही वास?”

“नाही,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे?”

“त्या तापानंतर मला वास येत नाही. कशाचाच. आईला ठाऊक होतं.” ते पानावरचा वडा बोटानं मोडत होते. “म्हणून ती येऊन बसायची. ती गेल्यावर म्हटलं, तुला शिकवतो असं सांगावं. नाक गेलं असं सांगायला मला बरं वाटेना.”

मग त्यांनी विचारलं, “तुला येत होता?”

मी होकारार्थी मान हलवली. ते ‘सरी’सुद्धा म्हणाले नाहीत. ताट उचलून आत ठेवायला गेले.

त्यांनी मला रागावायला हवं होतं. मला ते चाललं असतं. त्याऐवजी त्यांनी विचारणंच बंद केलं. चार दिवसांनी गाडी दुरुस्त होऊन आली, नवी नळी, नवं गॅस्केट. मिस्त्रीनं आपुलकीनं आणखीही काम केलं होतं. गालिचा भिजला होता म्हणून त्यानं सीटा काढल्या, सगळं साबणानं धुतलं, दारं-काचा उघड्या टाकून उन्हात वाळवलं आणि वर लिंबाच्या वासाची एक बाटली आरशाला टांगून दिली. अण्णांनी बाटली काढून कचऱ्यात टाकली. दार लावलं, काचा लावल्या आणि किल्ली देवघरात ठेवली. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. मी रविवारी जायचे, आम्ही कॉफी प्यायचो, पेपर वाचायचो. मिस्त्री येऊन इंजिन फिरवून जायचा. दोन-तीनदा त्यानं गिऱ्हाईक आणलं, पण अण्णा आज नको, उद्या बघू, म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात त्यांना चालताना तोल जाऊ लागला. आता गाडी ठेवून काय करायचं, असं मीच म्हणाले. ते भिंतीला धरून उठले. मग देवघरातून किल्ली आणून माझ्या हातात दिली. “चल, एकदा सुरू करून बघू.”

मी त्यांना धरून खाली नेलं. ते चालकाच्या जागी बसले, मी आईच्या. त्यांनी चारी काचा नीट लागल्यात का ते हात लावून बघितलं. मी सीटबेल्ट ओढून घेतला. किल्ली फिरली. मिनिटभर आम्ही दोघं बोललो नाही.

“कसला वास येतोय?”

वर्षभरानं तो प्रश्न ऐकला. मी या वेळी सगळं नीट सांगितलं. पेट्रोलचा नाही. रबराचा नाही. तेलाचा नाही. गोड अजिबात नाही. थोडा ओलसर आहे, गाडी बरेच दिवस बंद आहे म्हणून असेल. ते प्रत्येकाला मान हलवत होते. मी संपवलं तरी ते तसेच बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून.

“आणि हिचा?” ते म्हणाले. “तुझ्या आईचा येतो का काही?”

तेव्हा मला कळलं, की पहिल्या रविवारीसुद्धा त्यांनी हेच विचारलं होतं. दर रविवारी हेच विचारत होते. गाडीचं विचारता विचारता मी कधीतरी आपण होऊन सांगेन, म्हणून वाट बघत होते. जे स्वतःला येत नव्हतं ते माझ्या नाकानं घ्यायला बसले होते.

मी पट्टा नाकाशी धरला. साबणाचा वास होता, दुसरं काही नव्हतं. ‘येतो’ म्हणायला मला काय जड होतं? म्हातारा माणूस, पडताळून बघायचा त्याला मार्ग नाही. पण त्या गाडीत बसून मला पुन्हा खोटं बोलवेना.

“होता, अण्णा,” मी म्हणाले. “या पट्ट्याला होता. खोबरेल, कापूर, मल्लिगे. पहिल्या दिवसापासून होता. पूर्ण वर्षभर होता. मी सांगितलं नाही.”

“आणि आता?”

“आता नाही. धुताना गेला.”

त्यांनी डोळे मिटले. इंजिन चालू होतं, चांगलं एकसारखं चालू होतं. मग त्यांनी माझ्या मांडीवर थोपटलं, बटण दाबलं आणि चारी काचा खाली केल्या.

“सरी,” ते म्हणाले. “मिस्त्रीला सांग, गाडी घेऊन जा म्हणावं.”